जन्मतारखेची चौकट

स्टॉर्नोवे,
२७ नोव्हेंबर २०२२

प्रिय हेक्टरदादा,

तू बरा असशील. इथे वाऱ्यामुळे दोन दिवस बोट सुटलेली नाही, तेव्हा हे पत्र न्यूकॅसलला कधी पोचेल सांगता येत नाही. मेंढ्या मर्डोकाकांकडे दिल्या आहेत. मागचं कुंपण पुन्हा पडलं. मी ठीक आहे.

आजोबा ठीक नाहीत. डॉक्टर नाताळपर्यंतची खात्री देत नाहीत.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं मात्र तोंडाने बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

आठ वर्षांपूर्वी, इंग्लंडपासून स्वतंत्र व्हायचं का या मतदानाच्या वर्षी, आजोबांचं कमरेचं हाड मोडलं होतं, म्हणून त्यांचं मत टपालाने जाणार होतं. त्याआधी एकोणऐंशीच्या, आपल्या वेगळ्या विधानसभेच्या मतदानाला ते मासेमारीच्या बोटीवर अडकले होते. तेव्हा 'हो' म्हणणारे जास्त असूनही ठरवलेल्या आकड्याला कमी पडले, आणि आपण किनाऱ्यावर नव्हतो हे त्यांना जन्मभर डाचत राहिलं. या वेळी त्यांनी मतपत्रिका आधी पाकिटात बंद केली. मग सोबतचा अर्ज भरून माझ्यापुढे सरकवला.

"इशबेल, नीट बघ गं. या खेपेला चूक नको."

मी बघितलं. जन्मतारखेच्या चौकटीत त्यांनी त्या दिवशीची तारीख घातली होती. अशाने अर्ज बाद होतो, आणि त्याबरोबर मतही.

मी म्हटलं, "बरोबर आहे, आजोबा." आणि पाकीट स्वतः नेऊन टाकलं.

माझ्या दम्यापायी नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. अक्षरं, पाढे, तारीख-वार, सगळं. गुरूची चूक कशी दाखवायची म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मधे सरहद्द आली तर तू कायमचा तिकडचा, इंग्लंडचा होशील, या भीतीने मी गप्प बसले. त्या मतदानात सोळा वर्षं पुरी झाल्यामुळे मिळालेलं माझं मत मी 'नाही'ला दिलं. ते माझं होतं. त्यांचं मत माझं नव्हतं. एका मताने निकाल फिरला नसता, हे मलाही कळतं. ते तू लिहून पाठवू नकोस.

त्यानंतरच्या नववर्षाचं जेवण तू विसरला नसशील.

"काय साहेब, तुमचं मत कुठे ठेवलंत? खिशात?"

"इंग्लंडात राहणाऱ्याला मत नव्हतं, आजोबा. कायदाच तसा होता."

"कायदा! या घरातलं एक मत कमी पडलं ते तुझ्यामुळे."

तू सूप तसंच टाकून उठलास. मी डाव हातात धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

बुधवारी कोर्टाने सांगितलं, लंडनच्या परवानगीशिवाय पुन्हा मतदान घेता येणार नाही. आजोबांना मी हे सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "मतदानाचा कागद आला का टपालाने?" कधी मला ओळखून, कधी न ओळखता.

काल दुपारी त्यांच्या पलंगाशी बसून मी सगळं कबूल केलं. ती तारीख, माझं गप्प बसणं, तुझ्यावर आलेला आळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही मतदानाच्या कचेरीतून आलात ना? बाद झालं तर झालं. पण आमच्या इशबेलला कळू देऊ नका. तिने तपासलं होतं. फार मनाला लावून घेते पोर."

"नाही सांगत," मी म्हटलं. मग विचारलं, "आणि हेक्टर?"

"त्याच्यामुळेच तर एक कमी पडलं."

हे आता त्यांच्या मनातून कोणी काढू शकणार नाही, दादा. ये असं लिहायला हात धजत नाही. आलास तर ते पुन्हा तेच ऐकवतील, आणि मी शेजारीच उभी असेन.

माझ्या वाटची बोलणी आठ वर्षं तुला खाऊ देणारी,
इशबेल