निळ्या धाग्यांचा शोध

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
कासवं वाचवायचा निर्णय पक्का. आजपासून किनाऱ्यावर स्वयंसेवक. काम एकच: घरट्यांजवळची वाळू चाळायची आणि त्यातले प्लास्टिकचे कण भिंगाखाली मोजायचे. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. डाव्या हातचा मळ.
रविवारी सात नंबरच्या घरट्यातली पिल्लं समुद्रात सोडणार. ज्याचं काम चोख, त्याच्या हाती पिल्लांची टोपली. नात येणार आहे बघायला. टोपली कुणाकडे जाणार, ते उघड आहे.
प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, सुती कपडे घाला आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवा, तीही मोजा. रिकाम्या बशीत काय मोजायचं? नवशिक्यांसाठी असेल. मी नवं निळं फ्लीसचं जॅकेट घातलं, पॉलिएस्टरचं पण लोकरीसारखं मऊ. त्यात मी कॅप्टन दिसतो.

४ फेब्रुवारी
पहिल्याच नमुन्यात प्लास्टिकचे एकतीस निळे धागे! शेजारच्या टेबलावर मोजणाऱ्या पोस्टमास्तरांना फक्त दोन. डोळे गेले असतील बिचाऱ्यांचे.

५ फेब्रुवारी
चोपन्न. बायको म्हणाली, जॅकेटची लव जिकडेतिकडे पडतेय. तिला विज्ञानात रस नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी
सत्त्याऐंशी! कुणीतरी निळे दोर समुद्रात टाकतंय. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना खडसावलं. त्यांनी सगळे दोर दाखवले. हिरवे. म्हटलं, निळे लपवलेत.

७ फेब्रुवारी
रविवारचं भाषण तयार. जेमतेम नऊ पानं. बाईंनी विचारलं, रोज रिकामी बशी ठेवता ना? हो म्हटलं. मग जाऊन ठेवली.

८ फेब्रुवारी
रिकाम्या बशीत त्रेचाळीस निळे धागे.
आधी बशीवर संशय घेतला. बाई म्हणाल्या, रिकाम्या बशीत पडतं ते वाळूतलं नाही, अंगावरचं. मग त्यांनी चिमट्यानं माझ्या बाहीचा एक धागा काढून भिंगाखाली ठेवला. शेजारी माझ्या नमुन्यातला धागा. दोन्ही हुबेहूब. पोस्टमास्तर म्हणाले, चोर सापडला की हो! बाईंनी माझे पूर्ण आठवड्याचे आकडे खोडले. लाज वाटली. खरंच वाटली.
चेअरमनची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. तो जास्त झोंबला.
संध्याकाळी जॅकेट धुवायला काढलं. बायको म्हणाली, धुतलं की सगळे धागे गटारातून समुद्रातच जाणार. परत खुंटीवर टांगलं.

९ फेब्रुवारी, रविवार
टोपली पोस्टमास्तरांकडे. मी सुती शर्टात, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे, कुडकुडत. भाषण खिशातच. पिल्लं तुरुतुरु पाण्यात गेली. नात टाळ्या वाजवून दमली. मग तिनं विचारलं, आजोबा, कासवांसाठी तुम्ही काय केलं?
म्हटलं, जॅकेट काढून ठेवलं.