धुऱ्यावरचं डबडं

९ नोव्हेंबर

विसरला ना पुन्हा? काल एवढं बोलली मी तुह्यापाशी, आन् आज कोरा करकरीत होऊन बसला! माहा बुढा असाच होता — सकाळी गूळ आण म्हटलं, सांजच्याले हात हालवत हजर. पण तो लाजे तरी.

तं पुन्हा ऐक. मले अक्षर येत नाही. नातू हरीओम वाशीमले इलेक्ट्रॉनिक शिकून राह्यला. त्यानं त्याचा जुना फोन, म्हणजे तुले, मले देला — "आजी, हे चित्र दाब आन् बोल. ते लिहून घेते." काय लिहिते, देव जाणे! मलेच वाचता येत नाही, मंग भेव कोनाचं?

माहं सीम मात्र काढून नेलं. त्याच्या मशीनले पायजे होतं. "तुले कोन फोन करते, आजी?" म्हणे.

खरं बोलला, मेला.

१२ नोव्हेंबर

मशीन बसलं धुऱ्यावर, दोन वावरायच्या मधल्या बांधावर. मशीन कायचं — माहा प्लास्टिकचा जेवणाचा डबा! रात्री वावर राखाले जागलीले जात होती, तेव्हा याच्यातच भाकर नेत होती मी. "झाकणाले रबर आहे, पाणी शिरत नाही," म्हणे, आन् भोकं पाडली की त्याले! आत हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगळ्याएवढे तुकडे, लाल-पिवळ्या तारा. गरम कांडीनं डाग देता देता माह्या पाटावर दोन काळे चट्टे पाडले. पुढच्या भोकातून पांढरं अर्धं अंडं निंघालं — ते अंगाची गर्मी ओळखते. वर उन्हाची प्लेट. रोही — नीलगाय म्हणतात ते — नाही तं डुक्कर समोर आलं, की भोंगा ओरडते आन् हरीओमले मिस्कॉल जाते.

ओरडते कोनाच्या आवाजात? माह्या!

"वाघाच्या आवाजाले रोही सरावले, आजी. तुह्या आवाजाले कोन सरावते! जागलीले ओरडत होती तशी ओरड."

ओरडली. सासूनं मले देल्या होत्या तेवढ्या साऱ्या शिव्या रोह्यायले देल्या. पोट्टं हसू हसू लोळलं. "अजून एक, आजी!" मलेही चेव आला. इतक्या वर्षांत या बुढीले 'अजून बोल' कोनी म्हटलं होतं?

१६ नोव्हेंबर

खरं ते सांगावं — रोही गेले! तुरीचा शेंडान् शेंडा शाबूत.

फक्त वावराजवळच्या रुळावरून गाडी गेली, की तिच्या वाऱ्यानं तूर हालते आन् डबडं गाडीलेच शिव्या देते. जऊळका स्टेशन आलं, हे लोकायले आता माह्या तोंडून समजत असन! हरीओमनं आतला नारिंगी स्क्रू पिळून पाह्यला, प्रोग्राम बदलून पाह्यला. नाही बसत गप. आवाज कोनाचा आहे!

२१ नोव्हेंबर

तोंड कडू झालं आज.

मनकर्णेचं वावर धुऱ्यापलीकडं. दोघींचे बुढे गेल्यावर जागल आमीच केली — ती तिच्या माळ्यावर, मी माह्या. डोळा लागू नये म्हणून हाळी द्यायची. "हाय का वंऽ?" पलीकडून — "हाय वंऽ!" जागल सुटली, पण हाळी काही सुटली नाही. दिवसाउजेडी भाजी खुडतानीही एकीनं विचारावं, दुसरीनं सांगावं. काम काही नाही. आहे, एवढंच.

आज रस्त्यात भेटली. म्हटलं, काहून वं, दोन दिवस बोलत नाहीस?

"निंदाले वाकली, की मले सटवी म्हणून राह्यली तू. मजूर बाया हसतात."

"अवो, ते डबडं आहे!"

"डबडं तुहं, आवाज तुहा, शिवीही तुहीच. परकी तेवढी मीच!"

गेली. सांजच्याले हाळी देली. उत्तर नाही.

२३ नोव्हेंबर

हरीओमले म्हटलं, त्याचं तोंड फिरव रे बापा.

"रोही तिकडूनच येते, आजी. कॉलेजचे सर पाहून जाऊ दे, मंग पाहू." आन् बजावलं — "तोवर हात लावू नको."

माह्याच डब्याले मी हात लावू नये!

२८ नोव्हेंबर

सर लोक आले. मी चहा घेऊन धुऱ्यावर उभी. डबड्यापुढून एक जण मुद्दाम चालला, डबडं ओरडलं, सारे हसले. जाडे सर म्हणे, "आवाज जबरदस्त आहे. कोणाचा?"

हरीओम म्हणे, "फाइल नंबर तीन, सर."

कप गोळा केले आन् घरी आली मी. फाइल नंबर तीन!

तिकडं मनकर्णा पाठमोरी निंदून राह्यली होती. तिनं ते सारं ऐकलंच असन.

२ डिसेंबर

हाळी देली. उत्तर नाही.

७ डिसेंबर

रोही वापस आले. डबडं बोंबलते, आन् ते कान हालवत तूर खाते. या घरात माह्या शब्दाले जेवढी किंमत होती, तेवढी आता वावरातही झाली.

हरीओमले सांगितलं. म्हणे, "मिस्कॉल इतके येतात, की मी फोनचा आवाजच बंद करून ठेवला." मंग कायले बनवलं रे ते?

१५ डिसेंबर

वाशीमचा दवाखाना. सून ज्योत्स्नेनं फोन आणून देला. खुबा मोडला माहा.

परवा दुपारी शेंगा तोडाले गेली. धुऱ्यावरून पाय सरकला, ते धाडकन डबड्यासमोरच! उठता येईना. सीम नाही, तं फोन घरीच. "धावा रे!" म्हटलं — तं डबडं वरून माह्याच आवाजात, "निंघ माह्या वावरातून, मुडद्या!" मी अजून जोरानं. ते माह्यापेक्षा जोरानं. स्टेशनच्या रस्त्यानं लोक चालले होते. "बुढीचं डबडं लागलं रे!" हसत गेले.

आपलाच आवाज आपल्याले उठू देत नाही — असं मरण कोनाले येऊ नये.

मंग ध्यानात आलं, मी हालली की ते ओरडते. मढ्यावानी पडली. मुंग्या पायावर चढल्या, हालली नाही. ते गप झालं. तेव्हा 'धावा' नाही म्हटलं. ते तं डबडंही ओरडत असन, असंच कोनीही म्हणन. जे त्याच्यात भरलं नव्हतं, ते म्हटलं —

"हाय का वंऽ, मनकर्णे?"

"हाय वंऽ!"

निसटलं तिच्या तोंडून! मले वाटलं, जीभ चावून बसली असन आता.

मंग तूर खसखसली. ती आली तशी डबड्यानं तिले शिव्यायचा सपाटा लावला. तिनं टोपलं त्याच्यावर पालथं घातलं. "थांब, पह्यले तुहं हे दुसरं तोंड बंद करू दे," म्हणे. मंग माह्याजवळ बसली आन् भलतीच रडली, मेली. मोडला माहा खुबा, रडते ती!

१७ डिसेंबर

हरीओम आला. डोळे सुजलेले. पण थोड्या वेळानं फोन काढलाच — "पाह्य आजी, रेकॉर्डले आहे. तू पडली तशी त्यानं तुले बरोबर ओळखलं होतं! मले मिस्कॉलही आले."

"आन् तू?"

"मले वाटलं, वारा असन."

मी भिंतीकडं तोंड केलं. मंग तो हळूच — नागपूरच्या प्रदर्शनात मशीन घेतलं म्हणे. आता त्याले एक लाल बटन लावतो, दाबलं की 'वाचवा' ओरडन. "तुहाच आवाज पायजे, आजी. एकदाच म्हण."

वाचवा म्हण!

मनकर्णा माह्यासोबत दवाखान्यातच राह्यते; कोपऱ्यात चूळ भरून राह्यली होती. थांबली.

१९ डिसेंबर

नाही म्हटलं त्याले.

ज्योत्स्नेले निरोप आहे, हा तरी विसरू नको. जेवण त्याच डब्यात पाठव, धुऱ्यावरच्या — तारा काढून, राखेनं घासून. भोकं आहेत त्याले, तं पातळ काही देऊ नको, सांडन. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, भाजलेल्या तुरीच्या शेंगा. भाकरी चार घाल. मनकर्णा दोन खाते.