नकळत दिलेली पूड

बाबा,

काल केंद्रात एक बाई आली होती. खारघरच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी येणाऱ्यांशी बोलायचं काम करते, हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लागले इथे. बाईने पर्समधून पुडी काढली आणि विचारलं, "नवऱ्याच्या चहात घालू का? त्यांना कळणार नाही." मी तिला डॉक्टरांकडे नेलं आणि म्हटलं, जे द्यायचं ते सांगून द्या. मोठ्या शहाणपणाने म्हटलं. घरी येताना मात्र माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा पनवेलच्या बाजारात भिंतीवर जाहिरात रंगवलेली असायची, 'दारू सोडवा, रोग्याच्या नकळत'. त्या 'नकळत'वर आई भुलली. तुझं ताट मी वाढायची, म्हणून पूड कालवायचं काम माझ्याकडे आलं. पूड कडू जहर. ती लपवायला मी कालवणात चिंच वाढवत गेले आणि तू पीतच राहिलास. होडी खाडीला लावलीस की आधी गुत्ता, मग घर. एकदा दुपारी जेवताना म्हणालास, "काय गो, चिंचेच्या झाडाखाली रांधतेस क काय?" मी हसले. आई चुलीकडे तोंड करून बसली होती.

मग एक दिवस तू मागच्या दाराने आत आलास, तेव्हा पुडी माझ्या हातात उघडीच होती. वाटलं, आता ताट भिंतीवर आपटणार. तसं आधी झालेलं होतंच. तू खाली बसलास, पुडी हुंगलीस.

"मना सांगून दे, बाय. चोरून नको. मी खाईन."

डॉक्टरांकडेही तू आपण होऊन आलास. ते म्हणाले, एकाएकी सोडलीत तर फेफरं येईल. झाडपाल्याचं घ्यायचं तर घ्या, पण माझ्या गोळ्या चुकवू नका. तुझे हात इतके थरथरत की जाळ्याच्या सुईवर दोरा आई गुंडाळून द्यायची. रविवारी शाळेच्या एका वर्गात दारू सोडलेली माणसं जमत. तू मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचास. "तिकरं कोन शानपना शिकवत नाय," म्हणायचास. आणि रोज सकाळी तळहात पुढे करून माझ्याकडून पूड मागून घ्यायचास. सुटली, बाबा. त्या वर्गात उभा राहून तू म्हणे सांगितलंस, "माझे पोरीचे हातानं सुटली." ते ऐकून मला रडू आलं होतं, पण तुला वाटलं त्या कारणाने नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तू मागून घ्यायला लागल्यावर महिन्याभरातच ती पूड संपली. दुकानदार म्हणाला, माल येणं बंद झालंय. घाबरून मी परसातल्या कडुनिंबाचा पाला वाळवून कुटला आणि त्याच कागदात भरला. चार वर्षं, अगदी शेवटच्या आजारापर्यंत, तू तोच पाला माझ्या हातून घेतलास. कितीदा ओठांवर आलं. तुला तारलं ते त्या गोळ्यांनी, बाकावरच्या माणसांनी आणि तुझ्या हट्टाने, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र वाटायचं, खरं सांगितलं तर तू परत पिशील. तू जाईपर्यंत मला असंच वाटत होतं.