पोथीचा ढोल

माझ्या धाकट्या बहिणीस, सोर्चास, देवमातेची सावली तुझ्यावर राहो.

इंग्रजांनी शॅनन नदीपलीकडे हाकललं, तरी मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

आपल्या काव्यशाळेची चामड्याच्या पानांची पोथी मी इथवर जपली होती. काल इंग्रज शिपायांनी तिची पानं फाटक्या ढोलाला लावली. "म्हातारबा, तुझी कविता आता कशी दणक्यात वाजते बघ!" ढोलवाला म्हणाला. तोच ढोल बडवत त्यांनी देवाचे आभार मानले. बंडात आपल्या आयरिश लोकांनीही देवाचंच नाव घेऊन इंग्रज शेजाऱ्यांची घरं जाळली होती. शिसारी आली, बाई.

शाळेच्या रीतीप्रमाणे अंधाऱ्या खोलीत, पोटावर दगड ठेवून पाठ केलेल्या, गुरुजींच्या विलापगीताचं दुसरं कडवं मला आठवत नाही. तू भिंतीआडून ऐकायचीस ना? लिहून पाठवू नकोस. तुझ्या नणंदेकडून ते पाठ करून घे आणि तिलाच इकडे पाठव. माणसाचं कातडं त्यांनी अजून ढोलाला लावलेलं नाही.

तुझा दादा,
फेरगल