चार नंबरची पेटी

२९ जून, सोमवार
नाही जुळत! पुन्हा सगळी खापरं वाळूच्या ट्रेमध्ये उभी केली. चार नंबरच्या पेटीतला ग्रीक रांजण – थडग्यावरचा, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर रडणाऱ्या बायका, दोन्ही हात डोक्यावर. हात आहेत, केस आहेत, चेहरा एकीलाही नाही. चित्रकार कोण ते ओळखायचं त्यानं काढलेल्या डोळ्या-कानांवरून. चेहरा नाही, तर वर्गवारी नाही.

आमची प्रमुख हेलन म्हणाली, शुक्रवारपर्यंत बघू. शुक्रवारी प्रकल्प बंद. माझी नोकरीही.

३० जून
बाहेर ऊन. मी संग्रहालयाच्या तळघरात. काही नाही.

१ जुलै, बुधवार
जेवताना जयंत म्हणाला, "त्या कुंभारानंसुद्धा एवढा जीव टाकला नसेल." एरवी हसले असते. ताट तसंच ठेवून उठले.

नवऱ्याला तरी कसं सांगू? डिसेंबरात या पेट्या धुतल्या, एकेका खापराच्या आतल्या बाजूला बारीक ब्रशनं पेटीचा नंबर घातला, तेव्हा एका कानाला फोन असायचा. नागपूरला बाबा आयसीयूत. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं. शेवटी माणसं विसरले, पाढे तेवढे राहिले. नीनावहिनी फोन धरायची, आम्ही दोघं पाढे म्हणायचो. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला रडूच आलं नाही. फार वाईट वाटतं त्याचं.

२ जुलै
हेलननं आठ नंबरची पेटी कॉव्हेंट्रीतल्या शाळांना वाटून टाकली. उत्खननाच्या ढिगातली मिसळ, मुलांना हाताळायला बरी. नंबर वाचून खापरं ज्या त्या पेटीत लावायचं काम तिचंच. जागा झाली म्हणून खूश होती.

३ जुलै, शुक्रवार
संपलं. हेलननं कार्डावर लिहिलं – अपूर्ण, चित्रकार अज्ञात. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "यू डिड एव्हरीथिंग राइट, उल्का."

सहा महिने पाण्यात. खापर तरी कुणावर फोडू? समोर नुसती खापरंच.

४ जुलै
तारीख लिहिली आणि हात थांबला.

हा माझा चार. बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेला. हेलन याला इंग्रजी आठ वाचेल. वाचलाच!

पाढे म्हणता म्हणता आकडे मराठीत घातले मी. निम्मी चार नंबरची पेटी आठमध्ये गेली.

रडतेय. थांबत नाहीये. बायकांचे चेहरे हरवले नव्हते – शाळेत गेलेत.