चष्मा एक, मुंग्या तीन

"घुबड आहे, कोणी हलू नका," असं मी दबक्या आवाजात सांगितलं आणि सव्वीस मुलं चिडीचूप बसली. बऱ्याच वेळाने पुढची मुलगी म्हणाली, "सर, ते खोड आहे." मी खिसा चाचपला. चष्मा नव्हता.

ताई, नमस्कार राहिलाच. गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढतेस का? भावोजींची तब्येत उत्तम असणारच (ती तशी आहे हे ते स्वतःच सांगतात). मी ठीक. नाक कागदाला टेकवून लिहितोय, ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे.

काल सहावीचा वर्ग डोंगरावर नेला होता, निसर्गनिरीक्षणाला. पायथ्याशी एकच नियम सांगितला: दिसेल ते वहीत उतरवायचं, हात कशाला लावायचा नाही. (गेल्या वर्षी एकाने खिशातून सरडा आणून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सोडला. त्या अजून खुर्चीखाली बघून मगच बसतात.) वाटेत शेवाळ जवळून बघायला मी चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला आणि वाकलो. तिथेच तो पडला. पुढे सगळं धूसर दिसू लागलं, ते मी धुकं समजलो आणि धुक्यावर पाच मिनिटं बोललो. मुलांनी लिहूनही घेतलं. ऊन लख्ख होतं.

खाली बसपाशी आल्यावर विचारलं, कोणी चष्मा पाहिला का? सव्वीस हात वर. वह्या उघडल्या. 'चष्मा एक. काळी फ्रेम. डाव्या काचेवर मुंग्या तीन.' एकाने मोजमापासह चित्र काढलं होतं. एकीने लिहिलं होतं, 'माणसाने केलेला कचरा.'

"अरे, मग उचलला का नाही?"

"सर, हात लावायचा नव्हता ना."

"सांगायचं तरी!"

"आम्हाला वाटलं, आमचं लक्ष आहे का ते बघायला तुम्हीच ठेवलाय."

रागवणार तरी कसा? अकरा वर्षांत माझा एखादा नियम पहिल्यांदाच कोणी पाळला होता. परत वर जायचं म्हटलं, तर ड्रायव्हरने गाडी सुरू केली. उद्या सकाळी जाणार. चष्मा मिळालाच पाहिजे. का, ते खाली.

तुझा धाकटा

ता. क. चष्मा भावोजींचा आहे. त्यांचा जादाचा, तुझ्या कपाटाच्या मधल्या खणातला. माझा माझ्याच बुडाखाली मोडला आणि आमचा नंबर जवळपास सारखा, म्हणून गेल्या रविवारी न विचारता उचलला. दोन दिवस त्यांना त्या खणापासून लांब ठेव. किल्ली हरवली म्हण.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं. आज सकाळी चार मुलं वह्या घेऊन आली आणि मला थेट जागेवर नेलं. चष्मा होता. त्याच्या दोन काड्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. मी हात पुढे केला. "सर!" चौघं एकदम ओरडली. मी हात मागे घेतला. अर्धा तास बसून आम्ही नोंद केली आणि उतरलो. घरी येऊन भावोजींना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी कोळ्याचा रंग विचारला.