मुरारीला काही देत नाही

मी, अलमेलु बाई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कै. त्रिविक्रम राव यांची थोरली मुलगी, राहणार सारंगपाणी दक्षिण वीधी, कुंभकोणम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, रक्तात साखर तेवढी जास्त आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारे माणूस अजून जन्मायचे आहे. पुढच्या महिन्यात तंजावरला छातीचे ऑपरेशन ठरले आहे, म्हणून ही घाई. तमिळमध्ये लिहिले तर समोरचे घर वाचेल, सबब मराठीत लिहिते. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांनी हा कागद वाचू नये.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी स्फूर्ती, राहणार बेंगळूरु, हिला. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. मात्र आधी रंग द्यावा, लोक नावे ठेवतात.

२. पीठ वाटायचा ग्राइंडर माझी मावसबहीण सीतालक्ष्मी हिला. तो तसाही तिच्याच घरी असतो. आता परत मागणारे कोणी उरणार नाही.

अम्माची उभी पितळी समई रीतीप्रमाणे माझा धाकटा भाऊ मुरारी, राहणार सुंदरपेरुमाळ कोयिल, याच्याकडे जायला हवी. त्याला देत नाही. स्फूर्तीला देते.

३. फेसबुकवरचे माझे खाते स्फूर्तीने बंद करावे. उघडे ठेवले तर दर वाढदिवसाला ते माझे नाव वर काढणार आणि लोक मेलेल्या बाईला केकची चित्रे पाठवणार. "आत्म्यास शांती लाभो" असे तिथे लिहायला जे धावतील, त्या सर्वांना माझ्या घराचा पत्ता ठाऊक आहे. आजारपणात यायचे होते.

४. व्हॉट्सअॅपवरच्या भजनमंडळीच्या ग्रुपचा कारभार सीतालक्ष्मीकडे. अट एकच: कारल्याच्या रसाने काय काय बरे होते ते तिने तिथे टाकू नये. मी पिऊन पाहिला आहे.

५. आता मुख्य गोष्ट. आमचे वडील अप्पा, त्यांच्या भजनांचे यूट्यूब चॅनल मी चालवते. अप्पा राधाकल्याणाच्या उत्सवात गात, त्याच्या कॅसेटी माझ्याकडे होत्या, त्या मी कॉम्प्युटरवर करून घेतल्या. एका अभंगात अप्पांच्या मागे मिसरूड फुटायच्या वयातला मुरारी गातो. त्या वयात मुलांचा आवाज फुटतो, तसा त्याचा नेमका वरच्या सुरावर फुटला आहे. कोणा टवाळाने त्याखाली विचारले, मांडवात बोकड शिरला होता काय. पुष्कळांनी हसून घेतले.

मुरारी म्हणाला, "अक्का, माझा आवाज काढ." मी म्हटले, तुझा आवाज अप्पांच्या आवाजाला चिकटलेला आहे, एक काढला तर दुसराही जाईल. "मग सगळेच काढ." मी म्हटले, नाही काढणार. तो कॉफी अर्धी टाकून ओट्यावरून उठला. त्यानंतर या घराची पायरी चढलेला नाही.

बोकडाचे ते वाक्य मी त्याच संध्याकाळी पुसले. मुरारीला हे माहीत नाही, कारण तो बघतच नाही. अभंग आहे तिथेच राहील. चॅनल स्फूर्तीला.

६. चॅनलचे हे खाते मुळात मुरारीनेच उघडून दिले. तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून त्याचा नंबर घातला. त्यामुळे मी पासवर्ड विसरले की कोड त्याच्याकडे जातो. मग तो फोन करतो, सहा आकडे तमिळमध्ये सांगतो आणि ठेवून देतो. आम्ही घरात एकमेकांशी मराठी बोलतो. तमिळ दूधवाल्याशी, बँकेत. म्हणजे मी आता दूधवाल्यात जमा. असो. तेवढ्या वेळात त्याचा खोकला कळतो, मागे सुनेचा मिक्सर कळतो. बरा आहे म्हणायचे.

स्फूर्ती म्हणते, "अम्मा, दर एकादशीला पासवर्ड कशी विसरतेस? डॉक्टरला दाखवू या." येथे नमूद करते की मी तो पासवर्ड आजवर एकदाही विसरलेले नाही. हे माझी बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा धरावा.

नंबर बदलणे एका मिनिटाचे काम आहे, असेही ती सांगते. बदलू नये. माझ्या पश्चातही बदलू नये. फार दिवस न उघडलेली खाती कंपनी मिटवून टाकते म्हणतात, तेव्हा तिने मधूनमधून विसरावे, मामाचा फोन घ्यावा, आणि तो काहीही बोलला तरी आपण मराठीत बोलावे.

७. मुरारीला समई नाही, ग्राइंडर नाही, चॅनल नाही, काही नाही. विष्णुवर्धन वकील सांगतात, ज्याला कागदातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, उद्या कोर्टात वाद होतो. आणि साक्षीदाराने स्वतः समोर बसून मला सही करताना पाहावे लागते. फोनवर चालेल काय, असे मी विचारले. चालत नाही म्हणाले. बरे झाले.

दुसरा साक्षीदार मुरारीच. त्याच्या जागी कोणालाही घेणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्दी, मग माझ्यामागे काय भांडायचे ते भांडा. ऑपरेशनच्या आधी मला माझा भाऊ डोळ्यांनी बघायचा आहे. बाकीची कलमे त्यासाठी लिहिली.

स्थळ: कुंभकोणम
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५

सही: अलमेलु बाई

साक्षीदार १: विष्णुवर्धन, वकील (सही)

साक्षीदार २: मुरारी (सही)

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले ते असे:

अक्काने माझ्यासमोर सही केली, मी पाहिली. मराठी लिहायची सवय गेली आहे, चुकले तर सांभाळून घ्यावे. मुलाने मला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला, त्याला बरीच वर्षे झाली. सगळ्यांकडे आता तोच नंबर आहे. जुन्या नंबरवर अक्काच्या कोडाशिवाय काही येत नाही. तो बटणांचा फोन मी रोज चार्ज करतो आणि खिशात ठेवतो, देवळात जातानासुद्धा.